वैशूचे कड्यावरचे बूट

माळ्याच्या शिडीवर वैशू चढे तेव्हा लाकूड कुरकुरत नसे. मी पहिल्या पायरीला पाय लावला की सारी शिडी कण्हायची. माझी लेक मात्र मार्गशीर्षातलं ऊन भिंतीवर सरकावं तशी, निःशब्द, वर पोचलेली असायची. भद्रकालीच्या बाजारातल्या माझ्या बैठकीवर मी चाळीस वर्षं पायताणं शिवली आणि माणसं तोंडाआधी तळव्यांवरून ओळखली. साऱ्या जगाची चप्पल टाचेला झिजते. हिची चवड्याला झिजायची, जणू भूमीवर ती पुरती कधी टेकलीच नव्हती.

नव्वदनंतरची ती वर्षं. कॉलेजात गेल्यावर ती गिर्यारोहकांच्या मेळ्यात शिरली, आणि अंजनेरीचे कडे तिच्या खरचटलेल्या कोपरांतून, केसांत अडकलेल्या वाळल्या गवताच्या गंधातून आमच्या दोन खोल्यांत येऊ लागले. साध्या कॅनव्हासच्या बुटांवर ती चढे. मग एका शनिवारी सकाळी तिनं माझ्यापुढं एक नवा जोड ठेवला. कातळ चढण्यासाठीच घडवलेला, तिच्या सरांनी परदेशातून आणवलेला. दुसऱ्या दिवशी अंजनेरीवर चाचणी होती. तीत जो खरा उतरेल त्या एकालाच हिमालयात शिकायला धाडणार होते.

मी तो जोड उन्हात धरून निरखला. काळाभोर तळ, ना टाच, ना खाचा. तिनं तो अनवाणी पायांवर चढवला तेव्हा बोटं आत मुडपली आणि चेहरा चिंच चाखल्यागत झाला.

"दोन नंबर ल्हान आणलेत तुझ्या सरांनी."

"असेच घालतात, आबा. घट्टच लागतात."

"मी काय इतकी वर्षं गवत उपटलं? जोडा पायासाठी असतो, पाय जोड्यासाठी नाय."

"मग उद्या तुम्हीच चढा," म्हणत ती हसली आणि मैत्रिणीकडं दोर आणायला गेली.

आमच्यात नवं पायताण तेल पाजल्याशिवाय कुणाच्या पायात जात नाही. तेलानं कातडं मऊ होतं, तळ चिरत नाही, पायाला फोड येत नाही. हे मला माझ्या बापानं शिकवलं, आणि बापाला चूक ठरवणारा शिक्षक मी कुठल्या शाळेत पाहिला नाही. मी एरंडेलात फडकं बुडवलं. वरचं कातडं माखलं, शिवणी माखल्या, तळाला तर दोन हात जास्तच दिले. उन्हं कलेपर्यंत ते बूट ओट्यावर तेल पीत पडले होते. मग पुसून, लखलखवून, गुपचूप तिच्या पिशवीत ठेवले. सांगायचं कशाला? चढताना तिला कळलंच असतं की बापाचा हात लागलाय.

माझ्या हातचं काम बघायला म्हणून दुसऱ्या दिवशी मीही अंजनेरीला गेलो. कड्यावर सकाळचा प्रकाश मधासारखा ओघळत होता. वैशूनं कातळाला पाऊल लावलं आणि ते सर्रकन खाली आलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं, गुडघा फुटला. सरांनी तिच्या बुटाचा तळ उलटा करून बोटानं चाचपला, हुंगला.

"वैशाली, याला तेल कसलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. त्या नजरेत हिमालयाची सारी शिखरं एकेक करून विझताना मी पाहिली, आणि तरीही ती म्हणाली, "माझ्याच हातनं सांडलं, सर."

माझ्या आयुष्यात मी कुणापुढं चूक कबूल केली नव्हती. बायकोपुढं नाही, गिऱ्हाइकापुढं तर नाहीच. पण लेकीनं माझ्यासाठी बोललेलं ते खोटं टाच फाडणाऱ्या खिळ्यासारखं आत गेलं.

"खोटं बोलती ती," मी म्हणालो. "म्या लावलं. आणा इकडं."

"काका, हे रबर दगडाला चिकटावं म्हणून असतं. आता..."

"तुमच्याकडं स्पिरिट हाय का, तेवढं सांगा."

त्यांच्या औषधाच्या पेटीत होतं. काचकागद माझ्या खिशात कायमचाच. कड्याच्या पायथ्याशी मांडी घालून मी ते तळ घासत बसलो, आदल्या दिवशीचा माझाच अभिमान पापुद्र्यापापुद्र्यानं खरवडत. चकाकी गेली, तळ राखेसारखा मंद झाला. मग तो माझ्या तळहातावर दाबून ओढला. रबराला चिकटून कातडी मागं ओढली गेली, तेव्हा थांबलो.

"लिंबाएवढं तोंड करू नका, आबा," बूट चढवत ती म्हणाली. "वरचं कातडं मात्र झकास मऊ झालंय."

"मग! सांगत होतो नाय."

ती चढली. पाऊल टेकवून क्षणभर कातळाचं म्हणणं ऐकून घेई, मग पुढचं उचली. ऊन तिच्या खांद्यांवरून खाली उतरत होतं आणि ती त्याच्या उलट दिशेनं जात होती. कड्याच्या फुगीर कपाळाआड ती दिसेनाशी झाली. हाक मारावीशी वाटली; मारली नाही. सरांच्या हातातून तिच्या कमरेला बांधलेला दोर तेवढा हलके हलके वर सरकत राहिला.

हिमालयात शिकायला शेवटी तीच गेली. आता ती तिकडंच, बर्फाच्या मुलखात, लोकांना चढायला शिकवते. घरी येते वर्षाकाठी चार दिवस. माझी नजर अधू झाली आहे आणि सुईत दोरा जात नाही, पण दुपारी ओट्यावर डोळे मिटले की ती इथं नसली तरी तोच दोर वर सरकताना दिसतो. काळ माणसाला कड्याआड नेतो एवढंच. दोर हलतो आहे तोवर वर कुणीतरी आपलं पाऊल नीट रोवतं आहे, हे खाली बसल्या जागी कळत राहतं.