पाच माणसांचा भात

रेमेईचा स्वभाव मुलखाचा चौकस, आणि नशिबाने तिला काम मिळालं ते फोन घ्यायचं. स्पेनमधल्या अल्बुफेरा तळ्याकाठच्या भाताच्या हॉटेलात लागून तिला दोन महिने झाले होते. मालक ओनोफ्रे यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की फोनवर स्पॅनिशच बोलायचं, घरची वलेन्सियन बोली नको. विचारायचं तेही मोजकंच: नाव, माणसं किती, कधी येणार, भात कोणता. माणशी मोजलेला तांदूळ संत्र्याच्या लाकडांच्या जाळावर चढायचा, तेव्हा आकडा चुकून चालत नसे. बाकी चांभारचौकशा नकोत, असंही ते जाता जाता म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"बोला," रेमेई म्हणाली.

"रविवारी दुपारी दोनला टेबल हवं होतं. पाच जणांसाठी."

तिचं पेन जागच्या जागी थांबलं. हा तिस्तेचा आवाज, तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. कुणाच्या नावाने, असं तिने विचारलं तेव्हा त्याने अगदी कागदोपत्री नाव सांगितलं, बौतिस्ता मारी. जन्मात दोघं एकमेकांशी स्पॅनिश बोलली नव्हती, म्हणून त्याने तिला ओळखलं नाही. वर तो तिला चक्क 'तुम्ही' म्हणत होता. एवढा सभ्य तो कधी झाला, याचं तिला नवल वाटलं.

नऊ वर्षांचा अबोला होता. वडील गेल्यावर तिस्तेने कुणाला न विचारता त्यांची होडी विकली, आणि त्यांना जाऊन महिना झाल्याच्या प्रार्थनेला चर्चच्या पायऱ्यांवर रेमेईने चारचौघांत त्याला नको नको ते सुनावलं. तेव्हापासून आईकडे तो रविवारी जायचा, ही मंगळवारी. आई एकाचं दुसऱ्याला काही म्हणजे काही सांगत नसे.

पाच कोण? तो, बायको, मुलगी, आई. मग पाचवं माणूस कुठलं? रेमेईला राहवेना. लहान मुलाची उंच खुर्ची हवी का, एवढं विचारायला तर हरकत नव्हती.

"हो, एक लागेल. धाकटा दोन वर्षांचा आहे."

दोन वर्षांचा भाचा, आणि हिला पत्ताच नाही. आईच्या कपाटावरची फोटोची एक फ्रेम मंगळवारी नेहमी पालथी का असते, ते आता तिला कळलं. तिला रडू आलं आणि आईचा रागही आला. त्या टेबलाशी सहावी खुर्ची आपली असावी, असं तिला फार वाटलं. पण ते विचारायची सोय नव्हती.

तिने भात कोणता म्हणून विचारलं.

"बदकाचा. आईला ऐंशी पूर्ण होतायत. तिला तोच आवडतो."

"बरं. आणि रोझमेरीचा पाला घालायचा नाही, त्या वासाने तिचं डोकं दुखतं," लिहिता लिहिता रेमेई बोलून गेली.

तिने जीभ चावली, पण आता काय उपयोग? फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं. तिने तो कानाला तसाच धरून ठेवला.

"रोझमेरीचं मी काहीच बोललो नव्हतो," तिस्ते म्हणाला. आता तो घरच्या बोलीत बोलत होता.

"नाही बोललास," तीही त्याच बोलीत म्हणाली.



"रविवारी सुट्टी असते का तुला?"

"रविवारी कुठली? तेव्हाच तर गर्दी."

"मग सुट्टी मागून घे. आणि सहा लिही, रेमे."

तिने पाचावर काट मारून सहा लिहिलं. ओनोफ्रे गल्ल्यावरून बघत होते. घरची बोली त्यांना ऐकू गेली असणारच. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि त्यांच्या यादीत नसलेला प्रश्न विचारला.

"धाकट्याचं नाव काय ठेवलंस?"

"बाबांचंच," तिस्ते म्हणाला.