अकरा पत्रं आणि एक अंगठा

धक्क्याच्या पायऱ्यांना कठडा बसला, तेव्हा लोरिस वारून चार महिने झाले होते. 'रेलीन, तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं!' असं लिहून गावच्या कौन्सिलने फेसबुकवर फोटो टाकला. नव्या कठड्याला टेकून रेलीन हसत होती.

ब्रॉनविन आईचं घर आवरायला ॲडलेडहून आली होती. फोटो पाहून तिने हातातला टोस्ट बशीत परत ठेवला. याच कठड्यासाठी तिच्या आईने, लोरिसने, कौन्सिलला अकरा पत्रं लिहिली होती. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक. आई मजकूर सांगायची, ब्रॉनविन टाइप करायची, आणि एकेका शब्दावरून दोघींची दुपार जायची. उत्तर ठरलेलं असे : नोंद घेतली आहे. आणि रेलीन, आईबरोबर रोज सकाळी पोहायला जाणारी रेलीन, पायरीवरून घसरते काय, पायाच्या सुजलेल्या अंगठ्याचा फोटो टाकते काय, तीनशे लोक बदाम देतात काय, की पंधरवड्यात कठडा उभा.

आईचा टॅब टेबलावरच होता. ब्रॉनविनने त्याच्यावरूनच कौन्सिलच्या फोटोखाली लिहिलं, 'अकरा वर्षं पत्रं लिहिली, ती कुणाला दिसली नाहीत. अंगठा बरा दिसला.'

मजकुराशेजारी पोहण्याच्या टोपीतल्या आईचा फोटो उमटला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, खातं आईचं होतं. तोवर गाव जमलं. कुणी लिहिलं, लोरिस, वर नेट चांगलं दिसतंय. कुणी लिहिलं, मेली तरी कौन्सिलची पाठ सोडत नाही. कौन्सिलच्या कुणा नव्या मुलीने अदबीने विचारलं होतं, 'लोरिस, आपला फोन नंबर कळवाल का?'

थोड्या वेळाने रेलीन लंगडत दारात आली. रागावलेली नव्हती.

"तो फोटो लोरिसचीच करामत, ब्रॉन. इस्पितळात म्हणाली, पत्रांनी काही हलत नाही, आता घसरलीस की आधी फोटो काढ."

"मग मला का नाही सांगितलं? मी टाकला असता."

रेलीन घुटमळली. "ब्रॉनला सांगू नकोस म्हणाली. पत्राच्या निमित्ताने पोरगी येते, बसते, म्हणाली."

कठड्याचा हेवा त्या क्षणी फिका पडला आणि त्याहून कडवट असा दुसरा उसळला. दर शनिवारी दोन तास गाडी हाकत ब्रॉनविन इस्पितळात जायची, तेव्हा आई डोळे मिटून पडलेली असायची. बोलायची ती या बाईशी.

तो मजकूर काढून टाकणार का, रेलीनने विचारलं.  ब्रॉनविनने खुर्चीवरची खोकी खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली. "आणखी काय काय बोलली ती तुझ्याशी? सगळं सांग."