दर्भाचा कावळा

आबांच्या दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना, आणि त्यांच्या लेकीला, रंभेला, त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. खाडीलगतच्या खारजमिनीतल्या घराची घरपट्टी आबांच्या आजारपणात थकली होती. दाराला जप्तीची नोटीस लागली होती आणि त्या दारामागे आता आई एकटीच उरली होती.

थोरला नाथा हात जोडून म्हणाला, "आबा, आईला सांभाळू." कावळा फांदीवरून हलला नाही. धाकट्या धर्मेशने काशी, रामेश्वर, वर्षश्राद्धाला गावजेवण, सगळं कबूल केलं. कावळ्याने चोच पुसली.

"थकलेली पट्टी भरतो म्हणा," रंभा म्हणाली. "त्यांचा जीव तिथंच अडकलाय."

"पट्टी आबांच्या नावावर हाय," नाथा म्हणाला.

"घरही त्यांच्याच नावावर हाय. त्याचे वाटे तर तुम्ही परवाच पाडलेत."

दोघे भाऊ एकदम भटजींकडे वळले. "गुरुजी, दुसरा मार्ग न्हाय का?"

भटजींनी शांतपणे दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. या कावळ्यापुढे कुणाला काहीच कबूल करावं लागत नाही. भावांचे चेहरे उजळले. धर्मेशने दक्षिणाही घासाघीस न करता दिली.

रंभेने तो कावळा उचलला आणि नाथाच्या खिशात कोंबला.

"जपून ठेव, दादा. जप्तीवाले आले की यालाच पुढं कर. आणि वाट्याच्या कागदावर आईची नि माझी सही लागेल ना, तीही याच्याकडूनच करून घे."