नॉर्वेतली संकष्टी

सौदामिनीकाकूंनी नॉर्वेला निघताना सगळी तरतूद केली होती. भगर, राजगिऱ्याचे लाडू, तळणीचे मोदक, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दूर्वा. सहलीत ज्येष्ठातली संकष्टी येत होती, म्हणून चंद्रोदयाची वेळही पंचांगात बघून ठेवली होती. लग्न झाल्यापासून एक संकष्टी चुकली नव्हती. मुलाच्या, सर्वेशच्या जन्माच्या वेळी तर दवाखान्याच्या खिडकीतून चंद्र बघून मगच त्यांनी घास घेतला होता.

पण सहल होती ती रात्रीसुद्धा न मावळणारा सूर्य बघायची. आता जिथं सूर्य बुडतच नाही तिथं चंद्राचं काय होतं, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काकूंचे यजमान अनंतराव यांच्याही नाही, आणि ते लातुरात फिजिक्सचे क्लास चालवत.

बसमध्ये सगळी नांदेड-लातूरचीच मंडळी. बाहेर समुद्र डोंगरांच्या कुशीत शिरलेला, कड्यांवरून दुधासारखे धबधबे कोसळत होते. विष्णुपुरीच्या धरणावरून निवृत्त झालेले सिद्रामप्पा खिडकीतून बघून म्हणाले, "आपल्या बॅकवॉटरसारखंच हाय की. फक्त इथं पार्किंग चांगली."

काकूंची सून गीतांजली धबधब्याकडं पाठ करून नवऱ्याच्या मोबाइलकडं बघत होती. "सर्वेश, धबधबाच सगळी जागा खातोय. माझं डोकं नको कापूस, त्याला कमी कर."

संकष्टीच्या दिवशी दुपारी काकूंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "अहो, इथं चंद्र किती वाजता?"

अनंतरावांनी मोबाइलमध्ये बोटं फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा फिरवली. मग पोरांना अवघड गणित सांगतानाचा आवाज काढून ते म्हणाले, "इथं आज उगवणार नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही. काही दिवस तो क्षितिजाच्या खालीच."

बातमी बसभर पसरली आणि बाहेरच्या डोंगरांना कुणी वाली उरला नाही. जो तो शास्त्र सांगू लागला. "जिथून तिकीट काढलं तिथलं पंचांग धरायचं." "छे, जिथं पाय तिथलंच." "परदेशात व्रताला सूट असते, आमचा मेहुणा अमेरिकेत असतो." सिद्रामप्पांनी तर दुसऱ्या दिवशी विमानानं दक्षिणेला जाऊन चंद्र गाठायचा बेत मांडला. तिकीट कुणाचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"आई, तू गोळ्या घेतेस," सर्वेश म्हणाला. तो नांदेडला डॉक्टर होता. "उपाशी राहून चक्कर आली तर ट्रिपच बोंबलेल. सोड ना आता उपास."

ट्रिपच्या आधी त्यानं आईची काळजी बोलून दाखवायला हवी होती, असं काकूंना वाटलं. "गणपती बघेल," एवढंच पुटपुटल्या.

संध्याकाळी त्यांनी शिरूर अनंतपाळला जावेला फोन लावला. पंचफुलाबाईंचं तोंड भरलेलं होतं.

"आक्का, चंद्र दिसला का तिथं?"

"कुठला दिसतोय माय! आभाळ गच्च भरलंय. टाईम बघून सोडली की मी. पावसाळ्यात काय दिसून राहिला चंद्र? तू बी सोडतीसच की टायमावर!"

खरंच होतं ते. आषाढ-श्रावणात किती वेळा काकूंनी ढगाकडं हात जोडून मोदक खाल्ला होता, आणि मनाला काही टोचलं नव्हतं.

"पण आक्का, तिथं तो ढगामागं उगवलेला असतो. इथं तो उगवणारच नाही म्हणतात."

"उगवला न्हाई म्हंजी मेला का गं?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "असंलच की कुठंतरी."

रात्री सगळे रोपवेच्या पाळण्यातून डोंगरमाथ्यावर गेले. वारा अंगाला सुऱ्या लावत होता. उत्तरेला समुद्राच्या रेघेवर सूर्य टेकला होता, लालभडक, बुडायला तयार नसलेला. काकूंनी नात उर्वीला पाण्याची बाटली धरायला दिली आणि नवऱ्याकडं वळल्या.

"अहो, तुमचं ते फिजिक्स बघून सांगा. चंद्र आत्ता कुठं असेल?"

अनंतरावांनी मोबाइल सगळीकडं फिरवला आणि शेवटी आग्नेयेला, पायांपुढच्या खडकाकडं, तिरपं बोट दाखवलं. "या बाजूला. जमिनीखाली."

"आणि लातूर कुठल्या बाजूला?"

अनंतरावांचं बोट जागचं फारसं हललं नाही.

"झालं तर मग," काकू म्हणाल्या. चंद्र ढगामागं असला काय नि पृथ्वीमागं असला काय, आडपडदाच तो. त्यांनी खडकावर दूर्वा ठेवल्या, ओंजळीत पाणी घेतलं आणि सूर्याकडं पाठ करून जमिनीला अर्घ्य दिलं.

"अय्या, आई! थांबा, परत एकदा!" गीतांजली ओरडली. "पाणी नीट आलं नाही!"

बघता बघता सगळ्यांचे मोबाइल काकूंवर वळले. सिद्रामप्पा चित्रीकरणावर निवेदन करू लागले. कुणी पुढं घुसलं, कुणी खडकावर चढलं. लाखो रुपये खर्चून जो सूर्य बघायला आले होते, त्याच्याकडं सगळ्यांची पाठ होती.

काकूंनी दुसऱ्यांदा पाणी सोडलं नाही. त्या उर्वीला घेऊन गर्दीतून बाहेर निघाल्या, एका दगडावर बसल्या आणि मोदकाचे दोन भाग केले. पहिला घास पोटात गेला तेव्हा त्यांनी मान वर केली. सूर्य समुद्राला चाटून पुन्हा वर निघाला होता.

"आजी, तो बघ!" उर्वी म्हणाली.

"बघितला गं," काकू म्हणाल्या. "खा आधी."

मागून गीतांजलीचा आवाज आला, "सूर्य कुठंय? अरे, ढग आला की!"