डावखुऱ्या पिळाची शेव

मी एक जुनी, हातमागावर विणलेली चादर आहे. मित्रांनो, मला विणलं बाबांनी, पण धरून ठेवलं आईने. घरातली लेक त्यांना आई-बाबा म्हणे, म्हणून मीही म्हणते.

मागावरून उतरलेल्या कापडाचे उभे धागे टोकाला मोकळे लोंबतात. ते बांधले नाहीत, तर आडवे धागे एकेक करून निसटतात. आई चार-चार धागे घेई, पीळ देई आणि गाठ मारी. ती मोजत नसे. एका गाठीला भजनाची एक ओळ. भजन संपलं की शेव, म्हणजे चादरीची ती गाठींची कड, पूर्ण. ती डावखुरी, म्हणून तिचा पीळही उलटा. "माझ्यासारखाच, उलट्या डोक्याचा!" असं म्हणून हसायची.

माझ्या शेवेच्या पाचच गाठी राहिल्या होत्या, तेव्हा आई गेली.

लेकीने मला मांडीवर घेतलं, तसं बाबांनी मला ओढून घेतलं. "तिचं काम तिचंच. हात लावायचा नाही." मला पेटीत घालून त्यांनी कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात.

त्या काळोखात माझे धागे निसटू लागले. आईचं शेवटचं काम कडेने विरत चाललं होतं. मग एका दुपारी मला गार बोटं लागली. पीळ बसला. अगदी कानाशी कुणी गुणगुणलं. कुलूप मात्र जसंच्या तसं.

आठवड्याने बाबांनी डांबरगोळ्या घालायला पेटी उघडली. चार गाठी नव्या!

"खिशातून किल्ली काढलीस ना?"

"नाही हो बाबा, देवाशपथ!"

त्यांनी पीळ चाचपला. उलटा.

"मग तू डावखुरी कधी झालीस गं?" पेटीला पुन्हा कुलूप त्यांनी लावलं नाही.

तीन दुपारी ते उघड्या पेटीसमोर बसून राहिले. कुणी आलं नाही. शेवटच्या गाठीचे चार धागे तसेच मोकळे पडून होते. चौथ्या दुपारी त्यांनी मला लेकीच्या मांडीवर ठेवलं. "ही शेवटची गाठ तुझ्यासाठीच ठेवलीय तिने. घे, बाळ."

लेकीने आपल्या उजव्या हाताचा पीळ दिला आणि भजनाची शेवटची ओळ धरली. तिच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. बाबांनी चटकन मान वर केली. गाठ आवळली गेली, आणि तो आवाज थांबला. तो पुन्हा कधीच आला नाही.

मित्रांनो, शेव उसवताना आवाज होत नाही, म्हणून वेळीच हात लावा. कुणाचं अर्धं राहिलेलं काम प्रेमाने पुरं करा. आणि ते करताना शेजारी कुणी गुणगुणलं, तर घाबरून उठू नका. ओळ पुरी होऊ द्या.