माझ्या काचेतले जारचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना, जाड पाठीचा टीव्ही आहे. तुमच्या घरी भिंतीला चिकटून असतो तसा सपाट मी नाही. माझ्या पोटात काचेची मोठी नळी आहे. तिच्या मागच्या टोकाकडून अदृश्य कणांचा झोत पुढच्या काचेवर आदळतो आणि काचेच्या आतला लेप उजळतो. जे येईल ते उजळायचे, एवढेच माझे काम. काय उजळायचे हे ठरवणे माझ्या हातात कधीच नव्हते. माझे सारे दुःख तेवढेच आहे.

चाकणजवळच्या निघोजे गावात रंगराव आणि मंजुळाबाईंच्या घरी मी आलो, तेव्हा आमच्या आळीत रंगीत टीव्ही नव्हता. कारखान्यातली शिफ्ट संपवून रंगराव मला टेम्पोतून घेऊन आले. सगळा रस्ता त्यांचा हात माझ्या खोक्यावर होता. मंजुळाबाईंनी मला हळदकुंकू लावले आणि जुन्या लुगड्याचे काठ जोडून माझ्यासाठी झाकण शिवले. पुढे पत्र्यावर छत्री बसली, शेकडो वाहिन्या दिसू लागल्या, पण रंगराव सरकारी वाहिनीच लावत. रविवारी तिच्यावर दिवसभर माहितीपट आणि चर्चा असत. धनेश पक्षी, मिठागरे, नदीकाठची गावे, अर्थसंकल्प म्हणजे काय, असे सगळे माझ्या काचेतून त्या घरात आले.

"बाकीच्या वरडत्यात," रंगराव म्हणत. "ही सांगती."

हे ऐकून मला फार बरे वाटे. मी सांगणाऱ्यांपैकी होतो.

काही वर्षांपूर्वी आळीमागे गाड्यांच्या सुट्या भागांना धातूचा मुलामा देणारे एक लहान वर्कशॉप उभे राहिले. त्यानंतर बोअरचे पाणी पिवळसर येऊ लागले. भात पिवळा पडे. बादलीला आतून तपकिरी कडे धरे. पाणी कशामुळे बिघडले हे मला ठाऊक नाही, कारण ते कोणी तपासलेच नव्हते. आळीतल्या बायकांचे मागणेही तेवढेच होते, की एकदा तपासा. लोक प्यायला जारचे पाणी विकत घेऊ लागले. ज्यांना ते रोज परवडत नसे, ते बोअरचेच उकळून पीत.

बायकांनी पंचायतीसमोर जाऊन बसायचे ठरवले होते. नेमकी त्याच आठवड्यात योगिनी आली. ती सरकारी वाहिनीसाठी या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसांवर माहितीपट करत होती. मंजुळाबाईंनी बायकांना थांबवले.

"दम धरा गं. ती टीव्हीवर दावणार हाय. मग पंचायत आपल्या दारात यील."

शेजारच्या खोलीत कस्तुरा राहत असे. ती बीडकडची, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणारी. ती म्हणाली, "आक्का, कॅमेरेवाले येतेत, च्या पितेत अन् जातेत."

"ह्यो सरकारी टीव्ही हाय. खोटं दावत न्हाई. माजा शबुद हाय तुला."

कस्तुराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती आपल्या खोलीत गेली.

चित्रीकरणाच्या दिवशी मी बंद होतो, पण मित्रांनो, बंद असलेल्याला ऐकू येत नाही असे समजू नका. माझ्या काचेत दिव्याची तिरीप पडते म्हणून कॅमेरावाल्याने मला जरासे भिंतीकडे वळवले. मंजुळाबाई बोलायला बसल्या. काय बोलायचे ते त्यांनी भाकरी थापताना पुन्हा पुन्हा घोकले होते. त्यांनी पाण्याचा रंग सांगितला, वास सांगितला, कस्तुराच्या मुलीच्या अंगावरचे पुरळ सांगितले. एकदाही त्या अडखळल्या नाहीत.

बोलून झाल्यावर योगिनीला तहान लागली.

"मावशी, पाणी देता का? तुम्ही देतानाचा शॉट घेतो आम्ही, छान दिसेल."

मंजुळाबाई उठल्या. बोअरच्या हंड्यावरून त्यांचा हात पुढे गेला आणि कोपऱ्यातल्या निळ्या जारपाशी थांबला. त्यांनी तांब्या भरला.

"ह्ये जारचं हाय बरं का, बाई. आमचं तुमाला कसं देऊ? पावनी हायसा तुमी."

"हो हो, मावशी," योगिनी हसून म्हणाली. "जरा तुम्हीही हसा ना. हां, अगदी असंच!"

मंजुळाबाई हसल्या. पाहुण्याशी हसावे एवढेच त्यांना ठाऊक होते.

प्रसारणाचा रविवार आला. सकाळपासून खोली भरली होती. रंगरावांनी माझी काच ओल्या फडक्याने पुसून घेतली. आधी एक खारफुटीवरचा माहितीपट झाला, मग शहरांच्या कचऱ्यावर चर्चा झाली. बायकांनी तीही ऐकली, कोणी उठले नाही. दुपारी आमचे गाव लागले. माझ्या काचेत मोठाली गेटे आली, कंपन्यांच्या बसगाड्या आल्या, आणि मग मंजुळाबाई आल्या. खोलीत एकच कालवा झाला.

"आक्का, झ्याक दिसायलीस गं!"

मंजुळाबाई माझ्या आत बोलत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, हात हलत होते. पण माझ्या स्पीकरमधून येत होता तो योगिनीचा आवाज. ती म्हणत होती, "कारखाने आले, रस्ते आले, पण इथली माणसं बदलली नाहीत." मग तांब्या दिसला, पेला भरताना दिसला. योगिनी प्यायली. मंजुळाबाई हसल्या. "आणि या गावच्या पाण्याची गोडीही तशीच आहे," आवाज म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावेसे वाटले. पण मी उजळतच राहिलो. तांब्यातले ते स्वच्छ पाणी मी किती सुरेख दाखवले म्हणून सांगू!

मग कस्तुरा उठली.

"पाहुणीला जारचं अन् आमाला बोअरचं. वा आक्का! अन् वरून हसायलीस."

"आगं, मी सांगितलं हुतं तिला. समदं सांगितलं हुतं!"

"कुठंय मग? आमी तर काय ऐकलं न्हाई."

एकेक करून बायका गेल्या. तेवढ्यात रंगरावांचा फोन वाजला. पंचायतीचे सदस्य मारुतराव मोठ्याने बोलत, त्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"वा रंगराव! वहिनींनी गावाचं नाव काढलं राव. उद्या ग्रामसभा हाय, तिथं टाळ्या वाजवू. पाण्याचा विषय मिटला म्हणायचा आता."

रंगरावांनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत तसे त्यांनी माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. एखाद्या घरच्याच माणसाने चोरी केल्यावर बघावे, तसे.

"ही सांगती म्हनायचो मी," ते एवढेच बोलले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मंजुळाबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी तो माहितीपट पुन्हा दाखवणार होते. वेळ झाली तेव्हा त्यांनी स्वतःच मला सुरू केले. गेटे आली, बसगाड्या आल्या. मग त्यांनी रिमोट उचलला आणि माझा आवाज अगदी शून्यावर नेला.

माझ्या काचेत त्या बोलू लागल्या. आणि काचेसमोर उभ्या राहून त्या मोठ्याने बोलू लागल्या.

"आमच्या बोअरचं पानी पिवळं येतंय. भात पिवळा पडतोय..."

पहिली दोन वाक्ये पुढेमागे झाली. मग आतले ओठ आणि बाहेरचे शब्द जुळले. घोकलेले ते सगळे त्यांना पाठ होते. तांब्या दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्ये जारचं हाय बरं का, बाई," आणि काचेतल्या मंजुळाबाईंचे ओठ तेच म्हणत होते.

दारात कस्तुरा उभी होती. आवाज ऐकून ती आली असावी. ती आत आली नाही.

"येवढं समदं बोलली होतीस तू?"

मंजुळाबाईंनी मान हलवली.

"उद्या सभा किती वाजता हाय?" कस्तुराने विचारले.

सभेत काय झाले ते मी दुसऱ्या दिवशी बायकांच्या तोंडून ऐकले. मारुतरावांनी टीव्हीतल्या गोड पाण्याचा विषय काढताच कस्तुरा ओरडली, "जारचं होतं ते!" मग साऱ्या बायका एका सुरात म्हणू लागल्या, "जारचं! जारचं!" शेवटी पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासायला पाठवावा लागला. अहवाल अजून आलेला नाही.

मला मात्र त्याच आठवड्यात माझ्या जागेवरून हलवले. आता मी माळ्यावर आहे, तोंड भिंतीकडे. लुगड्याच्या काठांचे ते झाकणही काढून घेतले आणि जारवर घातले. मी कोणावर रागावू? योगिनीने मंजुळाबाईंचा विश्वास मिळवला आणि माझ्या काचेतून तो मोडला. घरच्यांना ती दिसत नव्हती, मी दिसत होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. तुमच्या सपाट, चकचकीत पडद्यावर कधी एखादी बाई बोलताना दिसेल आणि ऐकू मात्र दुसऱ्याच कोणाचा आवाज येईल. तेव्हा क्षणभर तो आवाज शून्यावर न्या. तिच्या ओठांकडे नीट पाहा. ती काहीतरी सांगत असते.