भाजीच्या दुकानाची कॅसेट

भवानीनगरच्या नागेश व्हिडिओवाल्याला लग्नघरी एक सूचना हमखास मिळायची. यजमान बाजूला घेऊन सांगायचे, "आमचं ते एक पोरगं तेवढं कॅसेटमधी येऊ देऊ नका." ते पोरगं म्हणजे कुणाचं लुळं, कुणाचं मुकं. नागेश मान डोलवायचा. लोकांचं सोडा, सख्ख्या भावाच्या लग्नात त्यानं स्वतःची पाच वर्षांची श्रेयासुद्धा कॅसेटमधून काढून टाकली होती! आता बोला!

श्रेया दिसायला गोड, पण कुणाकडं बघायची नाही, मुलांत मिसळायची नाही. बालवाडीत भिंतीकडं तोंड करून बसायची. "कशाला हसं करून घेता? ऱ्हाऊ द्या गप घरात," तिची आजी भामाबाई म्हणायची. नागेशलाही ते पटलं, आणि पोरीचं नाव काढायला तो बालवाडीत गेला.

तिथल्या शिक्षिका सुकन्याबाई अशा मुलांना कसं शिकवावं याच्या बारामतीच्या एका शिबिराला नुकत्याच जाऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "नागेशराव, टीव्हीपुढं श्रेया काय करती?"

"जाहिरात लागली की हलत न्हाय. समद्या पाठ हायेत तिला."

"मग पोरं कशी खेळत्यात, ते टीव्हीवरच दाखवा की! घोळक्यात ती भांबावती. पडद्यावर तेच तेच पुन्हा बघता येतं. एक महिना द्या मला. नाव काय, कवापण काढता येईल."

नागेश कामाला लागला. पण हाताला सवय लग्नाची! मुलांच्या खेळावर त्यानं सनई टाकली, कडेनं गुलाब फिरवले, चेहरे बदामात बसवले. श्रेया पडद्यावरच्या गुलाबांवर बोट फिरवत बसली. खेळ तिनं पाहिलाच नाही.

"झाली हौस?" भामाबाई म्हणाली.

सुकन्याबाई मात्र पोट धरून हसल्या. "अहो, पोरीचं लगीन हाय का? गाणं नको, फुलं नकोत. एकच खेळ घ्या, दोन मिनिटांचा. आन् कॅमेरा खाली घ्या, तिच्या डोळ्याच्या उंचीला. तुमी पोरांच्या डोक्यावरनं बघताय!"

नागेश जन्मात पहिल्यांदा गुडघे टेकून शूटिंगला बसला. समोर बालवाडीतले इंद्रजित आणि स्वराली भाजीचं दुकान खेळत होते.

"काय पायजे?"

"वांगी."

"घ्या. आता तुझा डाव, तू दुकानदार."

बास, एवढंच. पण तेवढ्यात मागणं होतं, देणं होतं, दुसऱ्याचा डाव येईपर्यंत थांबणं होतं. नागेश बघतच राहिला. हे सगळं आपल्या पोरीला कुणी कधी दाखवलंच नव्हतं!

श्रेया ती दोन मिनिटं रोज बघू लागली, दहादा, वीसदा. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काही नाही. नागेशचा धीर सुटत चालला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो आणि भामाबाई तिला सोडायला बालवाडीत आले. अंगणात इंद्रजित दुकान मांडून बसला होता. श्रेयानं आजीचा हात सोडला, चालत त्याच्यापुढं गेली आणि म्हणाली, "वांगी."

इंद्रजितनं वांगं दिलं आणि सरकून जागा केली. श्रेया दुकानात बसली. तिनं मान वर केली, सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "काय पायजे?"

अगं आई गं! नागेशच्या अंगावर सरसरून काटा आला. ही आपलीच पोरगी का, असं त्याला वाटून गेलं.

थोड्या वेळानं गलका उठला. "ऊठ की! आता माझा डाव!" इंद्रजित ओढत होता, आणि वांगं छातीशी धरून श्रेया ओरडत होती, "माझा! माझा!"

भामाबाई सोडवायला धावली. सुकन्याबाईंनी तिला अडवलं. "भांडू द्या, मावशी. आज पहिल्यांदा तिला भांडायला कुणीतरी मिळालंय!"

भामाबाईनं पदर डोळ्याला लावला. "आन् मी हिला घरात डांबून ठेवणार हुते गं, बाई!"

मंडळी, त्यानंतर श्रेया पोपटासारखी बोलू लागली असं काही झालं नाही. तिचं तिचं हळूहळू चाललंय. पण नाव काढायचा विषय त्या दिवशी संपला. तुमच्याआमच्या घरी असं लेकरू असेल, तर "त्याला येत नाही" म्हणण्याआधी, त्याला कळेल असं आपण दाखवलं का, हे स्वतःला विचारा. पाहुणे आले म्हणून त्याला आत ढकलू नका. त्याला कीव नको आहे. खेळात त्याचा डाव त्याला मिळाला पाहिजे, आणि तो द्यायचा आपणच!